पाव्हण्यांच्या घरी लिनक्सवर नेट लावून देताना, तेही फोनवरून

आधी नातं सांगतो म्हणजे अडचण कुठं आहे ते कळेल. माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे सासरे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, राहायला अंबाजोगाईच्या पुढं एका खेड्यात आणि मी संभाजीनगरला, मधे दोनशेच्या वर किलोमीटर. जवळचा माणूस असता तर फोनवर चार शब्द वर-खाली झाले तरी चालतंय, पण पाव्हण्यांना "अहो तसं नाही हो, ऐका ना" एवढं जरा जोरात निघालं तरी ते तिकडून फिरून संध्याकाळपर्यंत आपल्या घरी पोचतं. त्यामुळं खाली जे लिहिलंय त्यात अर्धं लिनक्स आहे आणि अर्धं पाव्हण्यांशी कसं बोलायचं ते आहे, आणि खरं सांगू का, लिनक्सचं अर्धं सोपंय.

लॅपटॉप त्यांच्या नातीचा. ती लातूरला नीटच्या क्लासला असते, सुट्टीत घरी आली की लेक्चर बघायला नेट लागतं. त्यावर विंडोज १० होतं, त्याचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आणि ११ त्या जुन्या मशीनवर चढत नाही. एका लग्नात आप्पांनी तो पिशवीतून काढून माझ्या हातात दिला, "बघा बरं जरा, तुम्ही कंप्युटरमधले म्हणं". पंगती उठेपर्यंत मी त्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा एक प्रकार, फुकट आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट येतात), माझ्या फोनचं नेट केबलनं जोडून यूट्यूब चालवून दाखवलं आणि दिला परत. वायफाय लागतंय का ते बघितलंच नाही. चूक माझी, पुढचे दोन रविवार त्यातच गेले. तुम्ही कुणाला लिनक्स टाकून देणार असाल तर पेनड्राइव्हवरून चालवतानाच, इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधीच, वायफायची नावं दिसायलीत का बघून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.

मग गावात फायबर आलं, आप्पांनी कनेक्शन घेतलं आणि मला फोन आला, "नेट लागंना."

आता "नेट लागंना" याचे दहा अर्थ होतात. पहिला नियम, "काय झालं" विचारायचं नाही, "काय दिसायलंय" विचारायचं. काय झालं विचारलं की समोरचा माणूस निदान सांगतो, लॅपटॉप खराब आहे, लिनक्समुळं आहे, लाईनमननं फसवलं, आणि एकदा त्यांनी निदान सांगितलं की ते खोडून काढायला आपल्याला पाव्हण्यांना चूक म्हणावं लागतं. काय दिसायलंय विचारलं की ते डोळ्यानं बघून सांगतात, त्यात कुणी चूक-बरोबर नसतं. मी आप्पांना विचारलं, बोअरची मोटर चालू केली आणि शेवटच्या तोटीला पाणी येईना तर तुम्ही आधी कुठं बघता? म्हणाले, आधी स्टार्टरला लाईट आहे का, मग मोटरीचा आवाज, मग पाईप, तोटी सगळ्यात शेवटी. म्हटलं बस, तेच करायचंय, खांबावरची वायर, मग पांढरा डबा (फायबरवाले घरात बसवतात तो मोडेम-राऊटर), मग लॅपटॉप, ब्राउझर सगळ्यात शेवटी. त्या दिवसापासून ते मला "आता पाईपापर्यंत आलो" असं सांगतात.

लाईनमन घरी येतो तो दिवस सगळ्यात महत्त्वाचा, त्या दिवशी जमलं तर फोनवर हजर राहा. त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड, डब्याच्या सेटिंगमध्ये जायचा वेगळा पासवर्ड, आणि कनेक्शनचा युजर आयडी-पासवर्ड, ज्याला ते लोक पीपीपीओई म्हणतात. हा शेवटचा जो आहे तो त्यानं डब्यातच टाकून द्यायला पाहिजे. तसा टाकला की लॅपटॉपवर विंडोज आहे का लिनक्स आहे का अजून काही, डब्याला काही फरक पडत नाही, डबा प्रत्येक मशीनला पत्ता (आयपी नंबर) वाटतो आणि लॅपटॉप तो घेतो. आमच्याकडं आलेला लाईनमन आप्पांना म्हणून गेला की "लिनक्सला आपलं नेट चालत नसतंय, विंडोज मारून घ्या", आणि आप्पा ते घेऊन बसले, कारण तो माणूस समोर उभा होता आणि मी फोनवर. अशा वेळी वाद घालू नका. म्हणा, "असल बा, पण आधी मोबाईलवर लागतंय का बघू." मोबाईल लागला की अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सच आहे हे सांगायची गरजही पडत नाही, मी तरी सांगितलं, राहवलं नाही.

काही गावांत अजून केबलवाल्याची वायर डब्याशिवाय सरळ लॅपटॉपच्या लॅन पोर्टात (नेटची वायर लावायच्या भोकात) येते. तसं असलं तर मिंटमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडायचं, खाली अधिकच्या चिन्हावर दाबून डीएसएल/पीपीपीओई निवडायचं, युजर आयडी-पासवर्ड टाकायचा, सर्व्हिसचा रकाना रिकामा सोडायचा. आणि अशा कनेक्शनवर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात असं झालं तर त्याच सेटिंगमध्ये एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाची जास्तीत जास्त साइज) १४९२ करून बघा. नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं, त्यातले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी खातं, म्हणून १४९२. आणि हे केबलवाले बऱ्याचदा एकाच मशीनचा मॅक नंबर (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) बांधून ठेवतात, उद्या राऊटर घेतला की नेट बंद पडतं आणि आपण रात्रभर सेटिंग उलटीपालटी करत बसतो, तेव्हा आधी त्याला फोन करून मॅक बदलून घ्यायचा.

पैशाचंही सांगून ठेवा. प्लॅन ४९९ चा म्हणतात, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल ५८८ रुपये ८२ पैसे येतं. आप्पांना वाटलं वरचे ८९ रुपये लाईनमननं खाल्ले. आणि ४० चा स्पीड मेगाबिटमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला ४० एमबी उतरत नाही, त्याला आठनं भागायचं, ५ एमबी.

आता डबा. यावर लाइट असतात, पॉवर, पॉन, एलओएस, वायफाय वगैरे. आप्पांना नावं वाचायला चष्मा लागतो, अंधारात बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी रंग आणि लुकलुक एवढंच विचारतो. पॉनवाला हिरवा आणि स्थिर असला म्हणजे खांबाकडून उजेड यायलाय. तो लुकलुक करत असला म्हणजे उजेड आहे पण तिकडच्या मशीननं अजून ओळख पटवून घेतलेली नाही. आणि एलओएसचा लाल पेटला म्हणजे उजेडच नाही, कुठंतरी वायर तुटली, वानरानं ओढली, जेसीबीनं उपटली, काहीही. लाल दिवा दिसला की लिनक्समध्ये कशालाही हात लावायचा नाही, तक्रार नोंदवायची आणि चहा प्यायचा. फायबरची वायर मोकळी झाली असली तर तिच्या तोंडात डोळा घालून बघू नका हे घरातल्या पोरांना नक्की सांगा, त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. आणि उरलेली वायर खिळ्याला करकचून गुंडाळायची नाही, आत काच आहे. मी सांगितलं बांगडीएवढं वेटोळं ठेवा, त्यापेक्षा बारीक नको. ते लगेच कळलं.

डबा ठीक असला की मग लॅपटॉप. इथं माझं ऐका आणि वायफायला हात लावायच्या आधी लॅनची वायर लावा. डब्याच्या मागं पिवळी किंवा काळी भोकं असतात त्यात एक टोक, लॅपटॉपच्या बाजूला दुसरं, "टक" वाजलं पाहिजे. आप्पांनी वाजवून दाखवलं फोनवर. मिंटमध्ये वायर लावली की दहा सेकंदात आपोआप नेट लागतं, काही दाबायचं नसतं. लागलं म्हणजे लाईन, डबा आणि लिनक्स तिन्ही निर्दोष सुटले आणि राहिलं फक्त वायफाय. आमचं लगेच लागलं आणि लाईनमनचा विषय तिथंच संपला.

वायफायची नावंच दिसत नसतील तर पहिल्यांदा कीबोर्डवरचं विमानाचं किंवा अँटेनाचं बटण बघा, पोरांच्या हातून ते दाबलं जातं. ते नसलं तर ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम. काही कंपन्यांच्या वायफाय कार्डांचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासून चालू नसतो, तो उतरवायला नेट लागतं, आणि नेट लावायलाच तर बसलोय. लॅन असली तर प्रश्न नाही. लॅनची वायर नसली तर मोबाईल यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टिदरिंग चालू करायचं, लिनक्सला तो मोबाईल सरळ लॅनच्या वायरसारखा दिसतो. त्यात एक गंमत आहे. आप्पांकडं टिदरिंगचं बटण करडं दिसत होतं, दाबलं जाईना. अर्धा तास गेला. मग विचारलं केबल कोणती लावली, तर म्हणाले बाजारातून ३० रुपयाला आणली ती. त्या केबलीत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मोबाईलच्या खोक्यातली लावली आणि बटण उजळलं.

मग मेनूत "ड्रायव्हर मॅनेजर" उघडायचं, कार्डाचं नाव येतं, त्याखाली "रेकमेंडेड" लिहिलेलं निवडायचं, पासवर्ड, अप्लाय, आणि रिस्टार्ट. मोबाईलच्या नेटवर असताना अपडेट मॅनेजर उघडून "सगळं इन्स्टॉल करा" दाबू नका, दिवसाचा डेटा तिथंच संपतो. रिस्टार्ट झाल्यावर कधी कधी निळा पडदा येतो इंग्रजीत, सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सेटिंग) चालू असलं तर. तो व्हायरस नाही. त्यात "एनरोल मॉक" निवडायचं आणि ड्रायव्हर टाकताना जो पासवर्ड ठरवला होता तो द्यायचा. हे आधीच सांगून ठेवा, कारण तो पडदा दहा सेकंदात निघून जातो आणि तेवढ्यात आप्पा नातीला हाक मारेपर्यंत गेलेला असतो. आमचा गेला. परत सगळं करावं लागलं.

सगळं लागलंय असं दिसतंय, वायफायला टिक आहे पण साइट उघडत नाही, तेव्हा टर्मिनल, म्हणजे अक्षरं टाइप करून हुकूम द्यायची खिडकी. होय, पासष्ट वर्षांच्या माणसाला टर्मिनल सांगता येतं, फोनवर तर ते माऊसपेक्षा सोपं पडतं, "उजवीकडं वरच्या कोपऱ्यात बारीक चिन्ह" हे सांगण्यापेक्षा अक्षरं सांगितलेली बरी. कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबायचं, काळी खिडकी येते. त्यात पी आय एन जी, स्पेस, डॅश सी, स्पेस, चार, स्पेस आणि मग पत्ता. आकडे आणि अक्षरं अर्थातच इंग्रजी, डॉट म्हणजे पूर्णविराम. तो डॅश सी चार विसरू नका, विंडोजमध्ये पिंग चार वेळा होऊन थांबतं, लिनक्समध्ये थांबतच नाही. पहिल्या वेळी मी विसरलो आणि आप्पा पाऊण तास ओळी मोजत बसले, "सत्ताविसशेच्या पुढं गेलंय, अजून किती?"

पहिला पत्ता डब्याचा, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, नक्की कोणता ते डब्याच्या बुडाला स्टिकरवर असतं. उत्तर आलं म्हणजे लॅपटॉप डब्यापर्यंत पोचला. दुसरा पत्ता ८.८.८.८, हे उत्तर आलं म्हणजे घराच्या बाहेर पोचला. तिसऱ्या वेळी आकड्यांऐवजी गुगलचं नाव टाकायचं. आकड्याला उत्तर येतं पण नावाला "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन" असं येतं, तर नेट चालू आहे, फक्त नावावरून नंबर शोधून देणारा, ज्याला डीएनएस म्हणतात, तो झोपलाय. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही-फोरच्या पानावर डीएनएस आपोआप घ्यायचं बंद करून तिथं १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकायचं, सेव्ह करायचं, वायफाय बंद-चालू करायचं. सेव्ह करून बंद-चालू केलं नाही तर काहीच बदलत नाही, आणि मग "तुमचंबी जमंना" असं ऐकावं लागतं.

तिन्ही पिंग चालतात पण ब्राउझर प्रत्येक साइटवर "धोका" दाखवतो, हे सगळ्यात भारी प्रकरण. मी आप्पांना विचारलं खाली कोपऱ्यात तारीख काय आहे. म्हणाले, १ जानेवारी. दिवाळी होऊन महिना झालेला. जुन्या लॅपटॉपमधला बटणासारखा सेल संपला की बंद केल्यावर घड्याळ मागं जातं, आणि साइटचं सर्टिफिकेट (तिचं तारीख घातलेलं ओळखपत्र) "अजून सुरूच झालेलं नाही" असं ब्राउझरला वाटतं. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये नेटवरून वेळ घ्यायचं चालू करा, प्रदेश कोलकाता ठेवा. सेल मात्र कधीतरी बदलून घ्यायचाच.

आता घर. आप्पांचं घर जुनं, माळवदाचं, मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड, उन्हाळ्यात आत इतकं गार की एसी लागत नाही. आणि तेवढीच ती भिंत वायफायला नडते. डबा माजघरातल्या देवळीत ठेवलेला, तीन बाजूंनी भिंत, वर धूळ नको म्हणून फडकं झाकलेलं. ओसरीवर रेंज नाही. फडकं आधी काढायला लावलं, डबा तापतो. मग देवळीतून काढून दाराच्या वरच्या फळीवर. वायफाय दोन नावांनी दिसतं, त्यातलं ज्याच्या मागं ५जी लिहिलंय त्याचा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे, वेगवान पण भिंतीतून जात नाही, आणि जुन्या लॅपटॉपला कित्येकदा दिसतही नाही. मातीच्या आणि दगडी घरात २.४ वालंच लावा. तेही पुरत नसलं तर महागडं काही घेण्याआधी २० मीटर लॅनची वायर आणि एक साधा राऊटर घ्या (वायर १०० मीटरपर्यंत चालते), त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ करा, वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही, आणि नाव-पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा. ओसरीवर आप्पा, माडीवर नात, दोघांचं भागतं.

किरकोळ दोन. लॅपटॉप चालू केला की दर वेळी वायफायचा पासवर्ड किंवा कीरिंगचा (लिनक्समधल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड विचारत असेल तर त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये पासवर्ड सगळ्या युजरसाठी साठवायचा पर्याय आहे, तो निवडा. आणि लेक्चर मधेच अडकत असेल पण रेंज फुल असेल तर वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ फोल्डरात पॉवरसेव्हची एक फाईल असते, त्यात ३ आहे तिथं २ करायचं. हे पाव्हण्यांना सांगू नका, स्वतः करा.

लाईट. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून करंट यायचा, लाईट गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, घरची लाईट गेली की डबा बंद. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो डब्यापुरता, घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर नको.

शेवटी सगळं लागल्यावर मी रस्टडेस्क टाकून दिलं, म्हणजे पुढच्या वेळी इथून स्क्रीन बघून काम करता येतं. याच्यासोबत एक गोष्ट तीन वेळा सांगा, पाच वेळा सांगा, की मी स्वतः फोन केला असेल तरच ते उघडायचं आणि त्यात दिसणारा नंबर फक्त मलाच सांगायचा. बँकेतून बोलतोय, केवायसी करायचीय, असं म्हणून हेच अ‍ॅप उघडायला लावणारे लोक आहेत. आप्पांनी तो नंबर दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलाय आणि त्याच्याखाली "जावईबापूशिवाय कुणाला नाही" असं. मी त्यांचा जावई नाही, पण ते मी खोडायला लावलं नाही.